वाहूळकाकांची रुजुवात

वाहूळकाका सिनेमाला जाताना तीन वस्तू बरोबर नेतात. मूळ कादंबरी, टोक केलेली पेन्सिल आणि बोटाएवढी बॅटरी. पडद्यावर सिनेमा सुरू झाला की काकांच्या मांडीवर कादंबरी सुरू होते. बॅटरीचा उजेड पानावर, एक डोळा पडद्यावर आणि ओळींवरून सरकणारं बोट. पडद्यावरची बाई विहिरीऐवजी नळावर पाण्याला गेली की बोट थांबतं, पेन्सिल समासात फुली मारते आणि पुढच्या तीन रांगांना ऐकू जाईल अशा आवाजात काका म्हणतात, "मुळाबरहुकूम नाही."

जालना रोडवरच्या मॉलमधल्या थिएटरात आता सगळे त्यांना ओळखतात. दारावरचा गार्ड लोकांच्या पिशव्यांतून चिवडा आणि शेंगदाणे काढून घेत असतो. काकांच्या पिशवीतून पहिल्यांदा कादंबरी निघाली तेव्हा त्यानं ती उलटी धरून झटकली, पानांत काही खायचं लपवलंय की काय म्हणून. पुस्तक आत न्यायला बंदी आहे असं कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नव्हतं, आणि जे लिहिलेलं नाही ते काका मानत नाहीत. शेवटी मॅनेजरनं तडजोड काढली आणि मागच्या रांगेतला भिंतीकडचा कोपरा काकांना बहाल केला. गेली दोन वर्षं त्या कोपऱ्यात त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर मी बसतोय.

मी वाचत नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मला सिनेमा आवडतो. काळोखात बसावं, पॉपकॉर्न खावं, दोन ठिकाणी हसावं, एका ठिकाणी डोळे पुसावेत आणि घरी यावं, एवढीच माझी मागणी असते. एकदा एका सिनेमात मला खरोखरच भरून आलं. नायकाची आई स्टेशनवर निरोप द्यायला येते, तिथं मी रुमाल काढला. काकांनी बॅटरी माझ्या तोंडावर मारली आणि विचारलं, "कितव्या पानावर रडू राहिला?" मूळ कादंबरीत आई दुसऱ्याच प्रकरणात वारली होती. जे रडणं पुस्तकात नाही त्यावर मी रुमाल खराब केला, याचा त्यांना मनापासून संताप आला होता. मलाही आला, पण तो त्यांचा.

असल्या माणसाला त्यांनी जोडीला का घेतलं, हे सांगायचं तर त्यांच्या नोकरीपासून सुरुवात करावी लागेल. काका जमिनीच्या कागदांच्या एका कचेरीत नक्कल विभागात होते. जुन्या कागदाची नक्कल काढली की ती मुळाशी ताडून बघायची, त्याला रुजुवात म्हणतात. हे काम एकट्यानं होत नाही. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत जायचं. एखादा शब्द सुटला असेल तर "गळालं" म्हणायचं, जास्तीचा घुसला असेल तर "पदरचं" म्हणायचं. दोघांचं जमलं की दोघांनी सह्या करायच्या, मग शिक्का. काकांनी उभी नोकरी हेच केलं. निजामाच्या काळातले कागद वाचता यावेत म्हणून छावणीतल्या एका म्हाताऱ्या मौलवींकडं जाऊन उर्दू शिकले. साहेब बदलले, खुर्च्या बदलल्या, टंकयंत्र जाऊन संगणक आला, काकांचं बोट मात्र ओळीवरून हललं नाही.

हे वेड उगाच नव्हतं. गंगापूरकडच्या त्यांच्या गावी एका नकलेत त्यांच्या वडलांच्या नावाची ओळ गळाली होती. कुणा कारकुनाची नजर एक ओळ खाली घसरली आणि वडील स्वतःच्याच शेतात परके ठरले. ते नाव परत चढेपर्यंत वडलांचं निम्मं आयुष्य कचेरीच्या पायऱ्यांवर गेलं. काका हे क्वचित सांगतात आणि सांगताना आवाज चढवत नाहीत. "ओळ आपल्या पायानं जात नसती," म्हणतात. "कुणीतरी बघत नसतं."

तर असा हा माणूस. कादंबरी म्हणजे मूळ आणि सिनेमा म्हणजे नक्कल, हे त्यांच्या डोक्यात एकदा बसलं ते बसलंच. सिनेमावाले स्वतःच्या तोंडानं सुरुवातीला पाटी दाखवून कबूल करतात की आम्ही अमुक कादंबरीवरून हे केलंय, मग ते तपासायला नको का, असा त्यांचा सवाल. त्यासाठी त्यांच्याकडं एक जाडजूड रजिस्टर आहे. त्यात सिनेमागणिक तीन रकाने: गळालेलं, पदरचं आणि फेरफार. खाली शेरा. आजवर पास झालेला एकही सिनेमा त्या रजिस्टरात नाही.

माझी त्यांची ओळखसुद्धा अशीच झाली. मी विम्याचं काम करतो. छावणीजवळच्या आमच्या कॉलनीत नवीन राहायला आलो तेव्हा शेजारी म्हणून पहिली पॉलिसी त्यांच्याच गळ्यात मारायला गेलो. काकांनी माहितीपत्रक आणि करार दोन्ही ठेवून घेतले आणि चार दिवसांनी मला बोलावून समोर बसवलं. माहितीपत्रकातल्या सात गोष्टी करारात गळालेल्या होत्या आणि करारातल्या अकरा गोष्टी पदरच्या होत्या. त्यांनी पॉलिसी घेतली नाही. त्यानंतर कित्येक दिवस मलाही ती दुसऱ्या कुणाला विकताना अडखळायला व्हायचं. माझ्या लग्नाची चित्रफीत बघायला आले तेव्हा तर पत्रिका हातात घेऊनच आले होते. पत्रिकेत प्रेषक म्हणून छापलेले दोन मामा मांडवात कुठंच दिसेनात. माझ्या बायकोनं त्या दिवशी त्यांना चहा विचारला नाही.

पण तेव्हा काकांच्या जोडीला मी नव्हतो. विमलकाकू होत्या.

काकू सिल्लोडच्या. माहेरच्या साळवे. त्याच कचेरीत, त्याच विभागात, काकांच्या समोरच्या खुर्चीवर. त्या वाचायच्या आणि काका बोट फिरवायचे. त्यांचा आवाज असा स्वच्छ की शेजारच्या विभागातले लोक काम थांबवून शेताच्या चतुःसीमा ऐकत बसायचे, असं काका सांगतात. त्या स्वल्पविरामसुद्धा वाचायच्या. एक दिवस एका नकलेवर सह्या करताना काका म्हणाले, "साळवेबाई, अशा दोन सह्या आणखी एका कागदावर करायच्या का?" काकू म्हणाल्या, "आधी कागद वाचून बघीन." आणि खरंच वाचून बघितला. लग्न झाल्यावरही काका त्यांना साळवेबाईच म्हणत राहिले आणि काकू त्यांना वाहूळसाहेब. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

सिनेमाची रुजुवातही दोघांचीच. त्या काळात काकांना बॅटरी लागत नव्हती. काकूंना कादंबरी पाठ असायची. काका पडद्याकडं बघायचे आणि काकू हळू आवाजात पुढचं सांगत राहायच्या. "आता तो पत्र फाडणार. नाही फाडलं. लिहून घ्या." त्यांच्या मागं बसणाऱ्यांचं काय होत असेल ते असो. पण पोरंसोरं हात धरून बसतात त्या थिएटरात ही दोन पांढऱ्या केसांची माणसं डोक्याला डोकं लावून बसलेली मी कितीदा पाहिलीत, आणि मला त्यांचा हेवा वाटलाय.

मग एक दिवस एका सिनेमात नावेतून नदी पार करायचं अख्खं प्रकरणच गळालं आणि काकू काही बोलल्या नाहीत. काकांना वाटलं, डोळा लागला असेल. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं तर काकू म्हणाल्या, "कुठली नाव?"

बॅटरी त्यानंतर आली. मीसुद्धा.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि या आजारात पुढंपुढं काय होतं तेही सांगितलं. डॉक्टर काकूंना वार विचारायचे, महिना विचारायचे, शंभरातून सात वजा करायला लावायचे. काकांना ही परीक्षा मंजूर नव्हती. निवृत्त माणसाला वार कशाला लागतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी स्वतःची परीक्षा काढली. दोघांची एक लाडकी कादंबरी होती. तिचं नाव मी इथं देत नाही, कारण निकाल लागेपर्यंत पक्षकाराचं नाव घ्यायचं नसतं असं काकांनी मला बजावलंय. नवऱ्याशी बिनसून माहेरी आलेल्या एका बाईची ती गोष्ट. ती रोज संध्याकाळी दारात बसते. नवरा येत नाही. शेवटच्या पानावर ती उठते, आत जाते आणि कडी लावून घेते. एवढंच. काकूंना ती पहिल्या ओळीपासून कडीपर्यंत पाठ होती.

काका रोज संध्याकाळी सहाला ती मोठ्यानं वाचायला बसायचे. आता वाचणारे ते होते. वाचता वाचता वाक्य मध्येच सोडायचे आणि काकूंकडं बघायचे. काकूंनी वाक्य पुरं केलं की समासात बरोबरची खूण करायचे. आमची भिंत सामाईक असल्यानं मला सगळं ऐकू यायचं. सुरुवातीला काकू लगेच पुरं करायच्या, वर स्वल्पविरामही सांगायच्या. पुढं काकांचं थांबणं लांबत गेलं. मी इकडं चहाचा कप हातात धरून वाट बघत बसायचो, की आता काकू बोलतील, आता बोलतील. मग काकाच ते वाक्य पुरं करायचे आणि पुढं वाचायला लागायचे.

एकदा त्यांनी मला ते पुस्तक दाखवलं. पहिल्या प्रकरणांत समास खुणांनी भरलेले होते. पुढं एका पानावर दोन, मग एक, मग सलग कोरी पानं.

"सिनेमा बिघडला तर बिघडू दे, प्रमोद," काका म्हणाले. "कादंबरी कपाटात असती. पुन्हा काढून बघता येती. ह्या बाईची नक्कल काढून ठेवायचं कुणाला सुचलं नाय बघ. मला बी नाय सुचलं. मी जन्मभर कागदं सांभाळत बसलो."

मी विम्याचा माणूस आहे, धीर देणारी वाक्यं माझ्या तोंडात तयार असतात. त्यातलं एकही त्या वेळी उच्चारायची लाज वाटली.

अशातच त्या कादंबरीवर सिनेमा येणार असल्याची बातमी आली. मला वाटलं, काका डोक्याला हात लावून बसतील. काका तर हरखले. त्यांचा हिशेब वेगळाच होता. काकूंनी उभ्या आयुष्यात चूक दिसल्यावर तोंड बंद ठेवलेलं नव्हतं. बरोबर वाचलेलं त्यांना आता आठवत नसेल, पण चुकीचं समोर आलं तर त्या उसळून उठतील, अशी त्यांची खात्री होती. त्यामुळं जन्मात पहिल्यांदाच हा माणूस सिनेमा होता होईल तेवढा बिघडलेला निघावा म्हणून वाट बघत होता. फोनवर मी त्यांना जाहिरात दाखवली. मूळ कादंबरीतली ती सावळी, अबोल बाई सूर्यफुलांच्या शेतात वीस जणींबरोबर नाचत होती. काकांनी ती तीनदा बघितली.

"लई बिघडवलंय," म्हणाले. "झकास काम केलंय त्यांनी. एवढं बघून तर भिंत बी बोलंल."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांना या एका गोष्टीचीच आशा उरली होती.

आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. काकूंना माझ्या बायकोनं छान निळी साडी नेसवून दिली होती. कोपऱ्यात काका, मध्ये काकू, अलीकडं मी. त्या दिवशी बॅटरी नव्हती, पुस्तकही नव्हतं. काकांनी मला आधीच दम दिला होता, की काहीही झालं तरी तू किंवा मी चूक दाखवायची नाही, जे काय बोलायचं ते साळवेबाईंनीच.

असा बिघडवलेला सिनेमा मी दुसरा पाहिला नाही, आणि हे मी, न वाचणारा माणूस, सांगतोय. भिंतीपलीकडून ऐकून ऐकून मला ती कादंबरी एव्हाना माहीत झाली होती. मास्तर असलेल्या बापाचा पाटील केला होता. मागच्या परड्यातलं लिंबाचं झाड गळालं होतं. पदरचा एक विनोदी मामा आला होता. नाच आला तेव्हा काकांनी काकूंकडं बघितलं. पाटील आला, बघितलं. दर चुकीला ते मान वळवायचे, मग मीही वळवायचो. काकू पॉपकॉर्नचा एकेक दाणा उचलून नीट चावत होत्या. सिनेमा संपत आला तसं काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरलेला मला दिसला.

शेवट आला. बाई दारात बसलेली. मूळ पुस्तकात ती आता उठून आत जाणार. पडद्यावर लांबून एक माणूस चालत आला. नवरा. दारात उभा राहिला आणि म्हणाला, चल, घरी जाऊ.

काकू सरळ होऊन बसल्या. काकांनी मान वळवली, मीही. काकूंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

बाहेर सरकत्या जिन्याशी आल्यावर मात्र त्या थांबल्या. कित्येक महिन्यांनी त्यांनी काकांना नावानं हाक मारली. "वाहूळसाहेब, तपासलं का?" काका म्हणाले, तपासलं. "मुळाबरहुकूम आहे ना सगळं?"

माणसं आमच्या बाजूनं वाट काढत जिन्याकडं जात होती. काका काकूंच्या तोंडाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "आहे, साळवेबाई. कानामात्रेचा फरक नाय."

काकू माझ्याकडं वळल्या. दुसरी सही माझी होती. मी म्हणालो, "बरोबर आहे, काकू."

त्यानंतर संध्याकाळचं वाचन सुरू राहिलं, पण खुणा बंद झाल्या. एके दिवशी भिंतीपलीकडून शेवटचं प्रकरण ऐकू आलं. काका वाचत होते: लांबून एक माणूस चालत आला. मी ताडकन उठलो. हे पानावर नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचं पदरचं पकडणारा माणूस पुस्तक हातात धरून पदरचं वाचत होता, अगदी सावकाश, स्वल्पविरामासकट.

एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण काकूंनी तो शेवट स्वतःकडं ओढून घेतला. वाचन संपलं की त्या चपला घालून, पिशवीत एक पातळ भरून दाराशी जाऊन बसायला लागल्या. आमचे हे न्यायला येतील म्हणायच्या. पहिल्या दिवशी काकांनी समजावलं, की अहो, मीच तो, आणि घर हेच. काकू घाबरल्या, अंग चोरून कोपऱ्यात जाऊन रडल्या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी आमच्या घरांमागच्या बोळातून काका धापा टाकत येताना मला दिसले. अंगात इस्त्रीचा सदरा, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. वाचणारा माणूस मागच्या दारानं बाहेर पडला होता. तो वळसा घालून पुढच्या दाराशी गेला, त्यानं बेल वाजवली आणि दार उघडल्यावर म्हणाला, "चला, घरी जाऊ." काकूंचा हात धरून त्यांनी कॉलनीला एक फेरी मारली आणि त्यांना पुन्हा त्याच घरी आणलं. काकू आनंदानं आत गेल्या.

तेव्हापासून हे रोज चाललंय. गुडघे दुखत असले तरी चुकत नाही.

परवा काका माझ्याकडं येऊन बसले. मग सांगितलं. आदल्या संध्याकाळी फेरी मारताना काकू म्हणाल्या होत्या, आपल्याकडं एक गृहस्थ रोज पुस्तक वाचायला येत्यात, आवाज चांगलाय, पण लई एकटे दिसत्यात बिचारे, आज त्यांना जेवायला थांबवा. काकांनी बरं म्हटलं. घरी आल्यावर काकूंनी तीन ताटं मांडली. पाहुणा आल्याशिवाय त्या जेवायला बसेनात. शेवटी काका उठले, मागच्या दारानं गेले, चष्मा लावून पुस्तक काखेत घेऊन आले आणि पाहुण्याच्या ताटावर बसले.

"मग?" मी विचारलं.

"मग वाढलं तिनं. आग्रह केला. म्हणली, आमचे हे येत्यातच आता. स्वभावानं लई चांगले हाईत, फक्त चुका काढत्यात. पण माझी चूक कधी नाय काढली म्हणली."

काकांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार, प्रमोद? मी पाहुणा. नशीबवान हाईत ते म्हणलं, आणि खाली बघून जेवलो."